उघडणारा टप घ्यावा की उंच छत? कॅम्पर व्हॅन घेणाऱ्यांचे प्रश्न

कॅम्पर व्हॅनबद्दल तुमचे जे प्रश्न येतायत त्यातले बरेचसे फिरून फिरून छतावरच येतायत, म्हणून या वेळी फक्त छत: उघडणारा टप, म्हणजे मुक्कामाला वर उचलायचं कापडी भिंतींचं छत, की कायमचं उंच असलेलं फिक्स छत. इंजिन, बॅटरी, पाण्याची टाकी हे सगळं नंतर बदलता येतं हो, पण छत सहसा एकदा घेतलं की तेच घेऊन राहायचं असतं, त्यामुळे इथे घाई नको.

प्रश्न : आम्ही दोघं आणि दोन मुलं, ९ आणि ६ वर्षांची. गाडी एकच घेणार म्हणजे रोजच्या कामाला पण तीच. मिस्टरांना उघडणारा टप हवाय आणि मला फिक्स उंच छत बरं वाटतं कारण पावसात कापडाच्या भिंतीत मुलं झोपणार या विचारानेच कसंतरी होतं. कुणाचं ऐकायचं?

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे, तरी तुमच्या बाबतीत मी मिस्टरांच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण झोपणं नाही, पार्किंग आहे. गाडी रोज वापरणार म्हणताय म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस ती शाळा, ऑफिस, बाजार अशीच फिरणार, आणि बेसमेंट किंवा बहुमजली पार्किंगला उंचीची मर्यादा पुष्कळ ठिकाणी २ मीटरच्या आसपास असते. फोक्सवॅगन कॅलिफोर्निया, म्हणजे त्या ट्रान्सपोर्टरवाल्या टी५ आणि टी६ पिढीतली, टप बंद असताना १९९ सेंटीमीटर आहे. ते दोन मीटरच्या आतलं माप फार कामाला येतं. फ्रान्सच्या टोल रस्त्यांवर २ मीटरपर्यंतची गाडी पहिल्या वर्गात मोजतात आणि २ ते ३ मीटरची दुसऱ्या, जास्त टोलच्या वर्गात. फेरीबोटींवरही बऱ्याच ठिकाणी उंचीप्रमाणे भाडं बदलतं. आता फिक्स उंच छताची फियाट डुकाटो घेतली तर मधल्या उंचीची गाडीच २५२ सेंटीमीटर होते, म्हणजे ती कुठल्याच बेसमेंटमधे जाणार नाही असं धरूनच चाला.

म्हणून शोरूमला जायच्या आधी मेजरिंग टेप घेऊन निघा. घराचं गेट, पोर्च, ऑफिसचं पार्किंग, सगळीकडे तुळईची सगळ्यात खालची बाजू मोजा, पाइप आणि ट्यूबलाइट लटकत असतील तर तिथपर्यंतच. आणि उतार संपून जमीन सपाट होते तिथे जास्त लक्ष द्या कारण पुढची चाकं सपाटीवर आणि मागची अजून उतारावर असताना गाडीचा मधला भाग जमिनीपासून वर उचललेला राहतो, कागदावर पाच सेंटीमीटर जागा दिसते आणि प्रत्यक्षात टप घासतो.

आता पाऊस. चांगलं कापड साध्या पावसात गळत नाही, मुलं कोरडी राहतात. त्रास होतो तो आवाजाचा आणि वाऱ्याचा. वारा सुटला की कापड फडफडतं आणि मुलं जागी होतात. त्यावर उपाय म्हणजे टपाची बिजागरी जिकडे आहे ती बुटकी बाजू वाऱ्याकडे करून गाडी लावायची, पुढून वर उघडणारा टप असेल तर गाडीची पाठ वाऱ्याला. याने खूप फरक पडतो. पण खरं वादळ आलं तर टप खाली घ्यायचाच, तिथे हट्ट करायचा नाही, आणि मग चौघं कुठे झोपणार हा प्रश्न मला तुमच्या प्रश्नापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. टप खाली म्हणजे वरचा बेड गेला. खाली साधारण ११५ सेंटीमीटर रुंदीच्या बेडवर तुम्ही दोघं, ६ वर्षांच्या लेकराला पुढच्या दोन सीटवर ताणून लावायचा छोटा झोळीबेड मिळतो त्यात झोपवता येतं, पण ९ वर्षांचं मूल त्यात मावेलच असं नाही. तेव्हा हवामान बघून निघायचं आणि वादळाचा इशारा असेल त्या रात्री पक्क्या छताखाली खोली घ्यायची अशी तयारी ठेवा. महिनामहिना गाडीत राहणार असता तर माझं उत्तर वेगळं आलं असतं.

मुलांसाठी अजून एक, वरच्या बेडच्या तोंडाला जाळी लावून घ्या आणि बेडवर किती वजन चालतं ते तिथे किंवा मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं ते वाचा. कॅलिफोर्नियाचा वरचा बेड २०० बाय १२० सेंटीमीटरचा आहे, दोन मुलं आरामात मावतात, मोठी झाली तरी मावतील. गाडी चालू असताना मात्र वर कुणी नाही, कधीच नाही.

प्रश्न : माझी उंची १८६. मधल्या छताच्या व्हॅनची आतली उंची कॅटलॉगमधे १९३ दिलीय म्हणजे सात सेंटीमीटर शिल्लक राहतात, पुरेल ना? त्याच्या वरचं सगळ्यात उंच छत मला उगाच मोठं वाटतंय.

नाही पुरणार दादा, आणि हा हिशेब करायच्या आधीच बरेच लोक बुकिंग करून मोकळे होतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. कॅटलॉगमधलं १९३ हे रिकाम्या डब्याचं माप आहे, खालच्या पत्र्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत. कॅम्पर करताना खाली पट्ट्या, इन्सुलेशन, प्लायवूड आणि वरून व्हिनाइल असं सगळं धरून तीन-चार सेंटीमीटर जातात. वर छताला इन्सुलेशन आणि लाकडी पट्ट्या किंवा पॅनल, तिथेही तीन ते पाच. म्हणजे उरले साधारण १८४ ते १८७. त्यात पायात चप्पल घातली किंवा छतात एखादा दिवा खाली आलेला असला की डोकं आपटणार. एकदा आपटलं तर चालतं, पण रोज मान तिरकी ठेवून भांडी घासायची म्हणजे आठवड्याभरात मान धरते.

डुकाटोच्या तीन उंची लक्षात ठेवा, सिट्रोएन जंपर आणि प्यूजो बॉक्सर याच सांगाड्यावर आहेत म्हणून त्यांनाही हीच मापं जवळपास लागू. सगळ्यात बुटकी बाहेरून २२५ आणि आतून १६६. मधली बाहेरून २५२, आतून १९३. उंच बाहेरून २७६ आणि आतून २१७. तुमच्यासाठी उंचच. कापाकापी होऊनही २०८-२१० हातात राहतात आणि मुख्य म्हणजे इन्सुलेशनमधे कंजुषी करावी लागत नाही, नाहीतर उंच लोक करतात काय की डोक्याला जागा हवी म्हणून छताला पातळ फोम लावतात आणि मग थंडीत वरून पाणी ठिबकतं, उन्हाळ्यात तवा होतो.

बाहेरून मधल्या आणि उंच गाडीत फरक फक्त २४ सेंटीमीटर आहे. जिथे २५२ अडते तिथे बहुतेक २७६ पण अडतेच, त्यामुळे एकदा दोन मीटरचा नाद सोडला की मग मधली घेऊन तसं काही वाचत नाही. हां, जुनी झाडं, कमानी, कमी उंचीचे पूल असलेल्या अरुंद रस्त्यांवर सारखं फिरणार असाल तर तेवढे २४ पण मोजावे लागतील.

मधल्याच उंचीची गाडी स्वस्तात मिळत असेल आणि मन तिथेच अडकलं असेल तर एक मार्ग आहे, तुम्ही ताठ उभे कुठे राहणार ते आधी ठरवा. माणूस गाडीत बहुतेक वेळ बसलेला किंवा आडवा असतो, उभा राहतो तो स्वयंपाक करताना आणि कपडे बदलताना. शेगडीसमोर उभं राहता त्या जागेवर छतात ४० बाय ४० ची झडप बसवली तर तिथे छताच्या पॅनलची जाडी वाचते आणि डोक्याला तेवढी जागा मिळते. पण हा उपाय १८० च्या माणसाला, १८६ ला मी उंच छतच सांगेन. आणि झोपायचं विसरू नका, या गाडीची आतली रुंदी १८७ आहे तीही पत्र्यापासून पत्र्यापर्यंत, म्हणजे आडव्या बेडवर तुम्ही मावणार नाही, बेड लांबीतच करायला सांगा.

प्रश्न : वापरलेली व्हॅन बघून आलो, वरून फायबरचं उंच छत बसवलेलं आहे. आत एका कोपऱ्यात तपकिरी डाग दिसला, मालक म्हणतो जुना आहे, आता गळत नाही. विश्वास ठेवू का?

मालकाच्या बोलण्यावर नको, पाण्याच्या पाइपवर ठेवा. दहा-पंधरा मिनिटं छताच्या जोडावर पाणी सोडा, आधी खालच्या बाजूला आणि मग हळूहळू वर, आणि एकाने आत बसून हाताने चाचपत राहायचं. अस्तर मऊ लागलं, दाबल्यावर ओलं वाटलं किंवा गाडी बंद करून तासाभराने उघडली आणि कुबट वास आला तर गळती चालूच आहे.

फायबर स्वतः गंजत नाही पण ते ज्या पत्र्याच्या कडेला चिकटवलंय तो गंजतो. पाण्याची पन्हळ असते ना गाडीच्या कडेने, तिथे रंग फुगलाय का बघा, बोटाने दाबून बघा, पापुद्रा निघाला तर आत बराच गंज आहे. जोडावर कुणी वरवर सिलिकॉन फासलं असेल तर तीही वाईट खूण, कारण सिलिकॉनवर पुढे दुसरा कुठलाही सीलंट नीट धरत नाही, सगळं खरवडून काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. छताच्या कोपऱ्यांजवळ आणि झडपेभोवती कोळिष्टकासारखे बारीक तडे असतील तर ते नुसत्या वरच्या थराचे आहेत की आतपर्यंत गेलेत ते जाणकाराकडून बघून घ्या.

डाग जुना निघाला, पत्रा शाबूत असला तर गाडी घ्यायला हरकत नाही, जोड मोकळा करून नव्याने सील करता येतो. पन्हळीत गंज असेल तर सोडून द्या, दुसरी मिळेल.

प्रश्न : आमच्याकडे बंद डब्याची साधी व्हॅन आहे, वरचा पत्रा कापून उघडणारा टप बसवून घ्यायचा विचार आहे. काय विचारावं बसवणाऱ्याला?

पहिला प्रश्न, पत्रा कापल्यावर ताकद परत कशी देणार. गाडीचं छत म्हणजे नुसतं झाकण नसतं, त्याच्या आडव्या पट्ट्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात आणि गाडी उलटली तर माणसांचा जीव त्यावर असतो. तुम्ही त्यातल्या एक-दोन पट्ट्या कापणार. चांगल्या कंपन्यांचे टप येतात त्यांच्याबरोबर त्या गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची चौकट येते, ती कापलेल्या कडेला आतून चिकटवून घट्ट करतात. जर्मनीत राइमो आणि एससीए ही या धंद्यातली जुनी नावं. बसवणाऱ्याने चौकटच नको म्हटलं किंवा 'वेल्डिंग मारून देतो' म्हटलं तर नमस्कार करून निघायचं. टेस्टची कागदपत्रं मागा, दाखवत नसेल तर दुसरीकडे जा, इथे ओळखीचा माणूस आहे म्हणून भिडेखातर गप्प बसू नका.

दुसरं म्हणजे गाडीला बाजूच्या पडदा एअरबॅग आहेत का. त्या छताच्या कडेतच बसवलेल्या असतात आणि तिथे करवत चालवणं किती धोक्याचं ते वेगळं सांगायला नको, मॉडेलचा नंबर देऊन लेखी विचारा.

मग टप उघडतो कसा. मागे बिजागरी आणि पुढून वर जाणारा सगळ्यात जास्त दिसतो, त्यात पुढच्या सीटच्या मागे मस्त उभं राहता येतं आणि झोपताना डोकं पुढे उंच बाजूला करायचं, पायाकडे जागा कमी असली तरी चालते. पुढे बिजागरी असलेला मागून उघडतो, किचन मागच्या दाराशी असेल तर तो सोयीचा. चारी बाजूंनी सरळ वर जाणारा पण मिळतो, त्यात सगळीकडे उंची सारखी पण कापडही चारी बाजूंना आणि वारा पण चारी बाजूंना. आणि जुन्या पद्धतीचा, बाजूला बिजागरी असलेला, १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या डॉर्मोबाइल गाड्यांनी तो लोकप्रिय केला, अजूनही काही लोक आवडीने बसवतात. तुमचं किचन कुठे येणार ते आधी ठरवा आणि टप मग, लोक नेमकं उलटं करतात आणि शेगडीपाशी वाकून उभे राहतात.

सोलर पॅनल लावायचं असेल तर आताच सांगा. टप उचलणारे गॅसचे दांडे ठराविक वजनासाठी भरलेले असतात, नंतर वर जड काचेचं पॅनल बसवलं की टप अर्ध्यात अडकतो किंवा हळूहळू खाली येतो. टप उघडा असताना इंजिन चालू केलं तर वाजणारा बझर पण मागून घ्या. आणि आरटीओ म्हणा, विमा म्हणा, तुमच्याकडचे जे नियम असतील त्याप्रमाणे बदलाची नोंद काम सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या, कापलेला पत्रा परत जोडता येत नाही.

प्रश्न : उघडणाऱ्या टपाच्या कापडावर काळे ठिपके आलेत. ब्लीचने निघतील का?

ब्लीच अजिबात नको, कापडाचा वॉटरप्रूफ थर आणि शिलाईचा दोरा दोन्ही खराब होतात. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि मग उन्हात नाही तर निदान वाऱ्यात पूर्ण वाळवायचं आणि वरून पाणी न शिरू देणारा स्प्रे मारायचा. बुरशी गेली तरी डाग थोडे राहतील, ते सोडून द्या.

ओलं कापड घडी घालून बंद केलं की दोन-तीन दिवसात बुरशी धरते. पावसातून आलात की घरी पोचल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी टप उघडून ठेवायचा, कितीही दमलेले असलात तरी. आणि ओल फक्त पावसाची नसते, झोपलेला प्रत्येक माणूस रात्रभर श्वासातून चांगलं कपभर पाणी बाहेर टाकतो, ते कापडावर आणि गादीच्या खालच्या बाजूला जमतं. गादीखाली हवा खेळवणारी जाळीची चटई घाला आणि थंडीतसुद्धा एक झिप बोटभर उघडी ठेवा. टप वर आहे, हवा आपोआप खेळते अशा समजुतीत राहू नका, गॅसची शेगडी असलेल्या प्रत्येक गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, छत कुठलंही असो.

प्रश्न : आम्ही दोघंच, फक्त शनिवार-रविवार बाहेर पडतो. छताला हात न लावता बुटक्या गाडीतच भागेल का?

भागेल की. मागचं दार वर उघडणारं असेल तर त्याच्या खाली उभं राहून स्वयंपाक होतो, आत फक्त झोपायचं. कपडे बसून बदलायची सवय होते. पण सलग तीन दिवस पाऊस लागला की दोघांची चिडचिड होणार, तर भाड्याने अशीच गाडी घेऊन आधी एक पावसाळी वीकेंड काढा आणि मग ठरवा.

प्रश्न : मी एकटी फिरते. उंच छताला इंधन जास्त लागतं आणि वाऱ्यात गाडी हलते असं सगळे सांगतात म्हणून मैत्रिणी म्हणतात उघडणारा टप घे. खरंच एवढा फरक पडतो?

फरक पडतो, पण तुमच्यासाठी मी तरीही फिक्स छतच सांगेन.

आधी वाऱ्याचं. हवेचा विरोध समोरच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ८० वरून १०० च्या स्पीडला गेलात की तो विरोध जवळपास दीडपट होतो. म्हणून उंच गाडीला जास्त लागणारं इंधन बरंचसं तुमच्या पायात आहे, नव्वदच्या आत चालवलीत तर फरक सोसण्यासारखा राहतो. बाजूचा वारा मात्र खरा त्रास. पुलावर, घाटाच्या तोंडाशी, मोठा ट्रक ओव्हरटेक करून जातो तेव्हा गाडी ढकलल्यासारखी होते, तिथे वेग कमी करायचा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरायचं आणि जड सामान नेहमी खाली ठेवायचं, वरच्या कपाटात पाण्याचे कॅन भरायचे नाहीत.

आता फिक्स का म्हणतोय ते. रात्री एखाद्या जागी बरं वाटलं नाही तर बेडवरून उठून सरळ ड्रायव्हर सीटवर बसून निघून जाता येतं, बाहेर उतरायला लागत नाही आणि टप खाली ओढून पट्टे लावत बसायला लागत नाही. एकट्या माणसाला ही सोय बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे असं मला मनापासून वाटतं. शिवाय टप उघडला की लांबूनही कळतं की इथे कुणीतरी झोपलंय, आणि जिथे पार्किंग चालतं पण मुक्काम चालत नाही तिथे उघडा टप म्हणजे मुक्कामच धरतात. जंगली प्राण्यांच्या भागातही पक्क्या भिंतीचा फायदा आहे, अमेरिकेत यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पमधे अस्वलांमुळे फक्त पक्क्या भिंतीच्या गाड्यांनाच मुक्काम करू देतात, तंबू आणि कापडी ट्रेलर चालत नाहीत. थंडीत हीटर लावला तर कापडातून ऊब निघून जाते, इन्सुलेशन केलेल्या छतात ती टिकते.

गाडी ताब्यात आली की एकच काम लगेच करा. छतावर फॅन, सोलर, कॅरिअर जे काही बसवलंय ते धरून जमिनीपासून सगळ्यात वरच्या टोकापर्यंतची उंची मोजा, त्यात पाच सेंटीमीटर मिळवा आणि तो आकडा मोठ्या अक्षरात डॅशबोर्डवर चिकटवा. वर नवीन काही बसवलंत की पुन्हा मोजायचं.